कार्बनचा हिशोब गेटवर सुरू होतो: पुण्यातल्या नव्या इमारतीसाठी मटेरियलची कागदपत्रं कशी ठेवायची

बाणेरच्या एका साइटवर मी पहिल्यांदा कार्बनचा अहवाल करायला बसले, तेव्हा स्टोअरकीपरांनी मला भिंतीवरची एक तार दाखवली. तारेत वजनकाट्याच्या पावत्या ओवलेल्या होत्या, शे-दीडशे तरी असतील. वरच्या दहा-बारा नीट वाचता आल्या. त्याखालच्या पावत्या कोऱ्या होत्या. थर्मल कागदावरची छपाई पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यात उडून गेली होती. आठ महिन्यांची खडी आणि क्रश सॅण्ड, आणि पुरावा म्हणून पांढऱ्या कागदांची माळ. स्टोअरकीपर बिचारे ओशाळले. त्यांची काही चूक नव्हती. तोवर पावतीचा उपयोग बिल पास करण्यापुरताच होता आणि बिलं कधीच पास झाली होती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते. इमारतीच्या कार्बनचा, म्हणजे तिचा माल बनवताना, आणताना आणि बांधताना हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अहवाल लिहायला दोन आठवडे पुरतात, पण त्याचे पुरावे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, रोजच्या रोज गोळा करावे लागतात. मागून ते मिळत नाहीत. हा लेख साइट इंजिनिअर, स्टोअर आणि खरेदी विभागातली माणसं, छोटे-मध्यम बिल्डर, आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या कमिट्यांसाठी आहे.

हा आकडा मागतंय कोण?

पुण्यात बांधकाम परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र घेताना इमारतीच्या मटेरियलमधल्या कार्बनचा आकडा द्यावा लागत नाही. त्यामुळे ‘आपल्याला काय गरज’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण मागणी इतर दारांतून येऊ लागली आहे.

पहिलं दार ग्रीन रेटिंगचं. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) गृहा, आयजीबीसी किंवा लीडचं रेटिंग घेणाऱ्या इमारतींना मूळ एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचा निर्देशांक) श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो. म्हणजे रेटिंगची कागदपत्रं आता थेट पैशांशी जोडलेली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या लीडच्या पाचव्या आवृत्तीत तर मटेरियलमधला कार्बन मोजणं ही पूर्वअट झाली. आधी ते गुण मिळवण्यासाठी केलं जायचं, आता त्याशिवाय दारातच उभं करत नाहीत.

दुसरं दार शेअर बाजाराचं. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. सूचीबद्ध बिल्डर आपल्या ठेकेदाराकडे आणि पुरवठादाराकडे आकडे मागतो, ते तिथूनच.

तिसरं दार भाडेकरूंचं. हिंजवडी, खराडी, बालेवाडीत ऑफिस घेणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या घरी हा नियम कधीच आला आहे. डेन्मार्कमध्ये १ जानेवारी २०२३ पासून १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींवर वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लागली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या इमारत निर्देशानुसार १००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींचा जीवनचक्राचा कार्बन २०२८ पासून जाहीर करावा लागेल आणि २०३० पासून सगळ्याच नव्या इमारतींचा. तिथली मुख्य कंपनी पुण्यातली जागा भाड्याने घेतानाही तीच प्रश्नपत्रिका पाठवते. ती हातात पडते तेव्हा आपली इमारत बहुधा सातव्या मजल्यावर पोचलेली असते.

पायरी १: हद्द आखा

इमारतीचं आयुष्य युरोपीय मानक ईएन १५९७८ मध्ये टप्प्यांत मांडलेलं आहे आणि जगभर तीच भाषा चालते. ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल काढण्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत. ए४ म्हणजे कारखान्यापासून साइटपर्यंतची वाहतूक. ए५ म्हणजे साइटवरचं काम: वीज, डिझेल, वाया गेलेला माल. बी म्हणजे वापराची वर्षं, सी म्हणजे पाडकाम आणि विल्हेवाट.

पहिल्याच अहवालात सगळं कवेत घेऊ नका. ए१ ते ए५ एवढं नेटकं करा. आपल्या हातात असलेली कागदपत्रं तेवढ्याचीच असतात. आणि हद्द काय धरली ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा: पाया धरला का, तळघरातलं पार्किंग धरलं का, कंपाउंड वॉल आणि अंतर्गत रस्ते धरले का, क्षेत्रफळ कुठलं घेतलं. पुण्यात क्षेत्रफळाचा घोळ फार होतो. कार्पेट, बिल्टअप, सेलेबल, एफएसआयमधलं, एफएसआयबाहेरचं असे पाच आकडे एकाच इमारतीचे फिरत असतात. कार्बनसाठी प्रत्यक्ष बांधलेलं एकूण क्षेत्र घ्या, पार्किंगसकट. सेलेबल क्षेत्राने भागलं तर शेजारच्या इमारतीशी तुलनाच करता येत नाही.

पायरी २: मोठ्या वस्तू वेगळ्या काढा

बीओक्यू (कामाच्या आणि मालाच्या प्रमाणांची यादी) उघडा आणि वजनाचा व कार्बनचा मोठा वाटा कोणाचा ते पाहा. आरसीसी इमारतीत उत्तर ठरलेलं आहे: काँक्रीट आणि सळई. त्यानंतर ब्लॉक किंवा विटा, प्लास्टरचं सिमेंट, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, काच, टाइल्स. दाराच्या बिजागऱ्या आणि स्विचबोर्डच्या मागे लागून पहिला महिना घालवणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांचं काँक्रीट मात्र ‘एम ३० (ताकदीची ग्रेड), अंदाजे’ एवढ्यावर सुटलेलं असतं.

पायरी ३: अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये घाला

सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी हीच आहे. पुरवठादाराकडून कागद मिळण्याची ताकद ऑर्डर देईपर्यंत आपल्या हातात असते. पैसे गेले की ती संपते. ऑर्डरमध्ये एवढी वाक्यं पुरतात: ‘प्रत्येक खेपेसोबत खाली दिलेली कागदपत्रं देणं बंधनकारक राहील. ती नसल्यास त्या खेपेचं बिल प्रक्रियेत घेतलं जाणार नाही.’ आणि खाली मालानुसार यादी.

हे मी ठेच लागून शिकले. एका प्रकल्पात आरएमसीच्या (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) बॅच रिपोर्टची अट ऑर्डरमध्ये नव्हती. नऊ महिन्यांनी मागितले, तर मधल्या काळात प्लांटने सॉफ्टवेअर बदललेलं होतं आणि जुना डेटा गेला होता. मिक्समध्ये फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख, काही सिमेंटच्या जागी घालतात ती) होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कागद नव्हता. मग नियमाप्रमाणे वाईटात वाईट बाजू धरावी लागली, म्हणजे सगळं सिमेंट साधं ओपीसी, राख वगैरे न मिसळलेलं. प्रत्यक्षात बऱ्यापैकी चांगली बांधलेली इमारत कागदावर वाईट दिसली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पायरी ४: गेटवर काय घ्यायचं

काँक्रीटपासून सुरुवात करते, कारण सगळा खेळ तिथे आहे.

सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते आणि तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) अर्ध्या टनाहून थोडा जास्त वायू निव्वळ या रासायनिक क्रियेतून येतो, भट्टीचा कोळसा त्यावर वेगळा. म्हणून काँक्रीटचा कार्बन त्यात क्लिंकर किती, यावर ठरतो. नुसती ‘एम ३०’ ही ग्रेड काहीच सांगत नाही. दोन एम ३० काँक्रीटमध्ये चाळीस टक्क्यांचा फरक असू शकतो.

ट्रान्झिट मिक्सर आला की ड्रायव्हरकडे दोन कागद असतात: डिलिव्हरी चलन आणि बॅच रिपोर्ट. चलनावर ग्रेड, घनमीटर, गाडी नंबर, प्लांटमधून निघाल्याची वेळ. बॅच रिपोर्टवर त्या गाडीत पडलेल्या प्रत्येक घटकाचं वजन, ठरलेलं आणि प्रत्यक्ष, असं दोन रकान्यांत. आपल्याला प्रत्यक्षचा रकाना हवा. त्यात ओपीसी, फ्लाय ॲश आणि स्लॅग (जीजीबीएस, पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसमधली दळलेली मळी) वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले आहेत ना, हे बघा. कधीकधी सगळं ‘सिमेंट’ किंवा ‘बाइंडर’ म्हणून एकाच ओळीत येतं. तसं असेल तर त्याच दिवशी प्लांटला फोन करा.

इथे एक सापळा आहे. प्लांटने ओपीसी वापरलं की पीपीसी, हे लिहून घ्या. पीपीसीमध्ये फ्लाय ॲश आधीच मिसळलेली असते. आयएस १४८९ या भारतीय मानकानुसार ती १५ ते ३५ टक्के असू शकते. वर प्लांटनेही फ्लाय ॲश घातली, तर दोन्हींची बेरीज करावी लागते. आणि पीपीसीला ओपीसी समजून हिशोब केला तर आकडा विनाकारण फुगतो. साइटवर पिशव्यांतून येणाऱ्या सिमेंटचंही तसंच. पिशवीवर आयएस क्रमांक आणि पॅकिंगचा आठवडा छापलेला असतो, पीपीसीच्या पिशवीवर फ्लाय ॲशची टक्केवारीही असते. प्रत्येक लॉटमधल्या एका पिशवीचा फोटो काढा. आयएस २६९ म्हणजे ओपीसी, आयएस ४५५ म्हणजे स्लॅग सिमेंट. भाजलेली माती आणि चुनखडी वापरून केलेल्या एलसी३ सिमेंटलाही २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक मिळालं आहे.

आता सळई. बंडलला पत्र्याचा टॅग असतो, त्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याचा क्रमांक. तोच हीट नंबर मिल टेस्ट सर्टिफिकेटवर असला पाहिजे. सर्टिफिकेट एका हीटचं आणि माल दुसऱ्याच हीटचा, असं बरेचदा होतं, विशेषतः डीलरकडून घेतलेल्या मालात. गाडी उतरवताना टॅगचा फोटो घ्या. मजूर टॅग तोडून टाकतात, संध्याकाळी शोधून सापडत नाही.

मिल टेस्ट सर्टिफिकेटवर ताण, लांबण आणि रासायनिक घटक असतात. पोलाद कुठल्या मार्गाने बनलं ते मात्र त्यावर नसतं, आणि कार्बनसाठी तीच मुख्य गोष्ट. पुण्यात येणारी पुष्कळ सळई जालन्याची असते. तिथल्या विजेवरच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) दोन्ही पडतं. भंगार जास्त असेल तर कार्बन कमी. कोळशावर बनलेलं स्पंज आयर्न जास्त असेल तर तो ब्लास्ट फर्नेसच्या पोलादाइतका, कधी त्याहूनही जास्त. ‘जालन्याचा माल’ म्हटलं की कार्बन कमी किंवा जास्त असं काहीच ठरत नाही. गिरणीकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या: त्या महिन्यात भट्टीत भंगार किती टक्के, स्पंज किती टक्के, टनामागे वीज किती युनिट.

पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच हरित. १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २ मध्ये चार, २ ते २.२ मध्ये तीन. देशाची सरासरी २.५ टनांच्या आसपास आहे. पुरवठादाराकडे हे तारांकित प्रमाणपत्र असेल तर पत्राची गरजच उरत नाही. युरोपला माल पाठवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना तिथल्या सीमाशुल्क नियमांसाठी आपलं उत्सर्जन मोजावंच लागतं. त्यामुळे ‘आमच्याकडे असा आकडा नाही’ हे उत्तर त्यांच्याकडून आलं तर पुन्हा एकदा विचारा, विक्रीच्या माणसाऐवजी प्लांटच्या पर्यावरण विभागाला.

खडी, क्रश सॅण्ड आणि मुरमाचा कार्बन कमी, पण घोळ मोठा. पुण्यात खडी ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. कार्बनचे गुणांक, म्हणजे मालाच्या एककामागे किती कार्बन ते सांगणारे आकडे, मात्र टनावर असतात. खडीची सैल घनता मोजून ब्रासचे टन करा. साधारण सव्वाचार टन येतात, पण आपल्या साइटवर एकदा प्रत्यक्ष मोजलेलं बरं. ओली क्रश सॅण्ड फुगते, म्हणून तिच्या बाबतीत ब्रासवर विसंबू नका, काट्याचं वजन घ्या. सोबत राज्य सरकारच्या महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक परवाना घ्या. खाण किंवा क्रशर कुठला ते त्यावर कळतं, म्हणजे वाघोलीची खडी की मोशीची, हा प्रश्न परस्पर सुटतो. आणि अर्थात, काट्याची पावती त्याच दिवशी मोबाइलने टिपा. कोऱ्या पावत्यांची माळ मी पुन्हा पाहू इच्छित नाही.

ब्लॉक आणि विटांसाठी नग, आकार आणि कोरडं वजन लिहा. एएसी ब्लॉक हलका असतो म्हणून घनमीटरमागे बरा दिसतो, किलोमागे तितका नाही. तुलना करायची तर भिंतीच्या चौरस मीटरवर करा. भट्टीच्या लाल विटेसाठी भट्टीचं गाव आणि इंधन विचारून घ्या, बाकी कागद तिथे मिळत नाही. टाइल्स, काच, ॲल्युमिनियम सेक्शन यांचं बिल आणि उत्पादनाचं माहितीपत्रक पुरतं.

पायरी ५: ईपीडी वाचायला शिका

ईपीडी म्हणजे उत्पादनाचं पर्यावरणीय घोषणापत्र. त्यात त्या वस्तूच्या ठरावीक एककामागे किती कार्बन ते तिसऱ्या पक्षाने तपासून लिहिलेलं असतं. ते हातात आलं की चार गोष्टी पाहा: मुदत (सहसा पाच वर्षं), कुठल्या कारखान्याचं आहे, एकक काय (टन, घनमीटर की चौरस मीटर), आणि कुठले टप्पे धरलेत. टाइल कंपनी कधीकधी युरोपातल्या कारखान्याचं ईपीडी देते आणि माल येतो मोरबीहून. ते चालत नाही.

ग्रीनप्रो किंवा तत्सम हरित लेबल म्हणजे ईपीडी नव्हे. लेबल सांगतं की उत्पादन काही निकषांवर उतरलं. त्यातून कार्बनचा आकडा निघत नाही. दोन्हींची गल्लत मी सल्लागारांच्या अहवालातही पाहिली आहे.

ईपीडी नसेल तेव्हा जागतिक बँक समूहातल्या आयएफसीने २०१७ मध्ये काढलेला भारतीय बांधकाम साहित्याचा डेटाबेस वापरा. परदेशी डेटाबेसमधला गुणांक उचलायचाच असेल तर कारण लिहा, कारण आपली वीज कोळशाची आहे आणि तिकडची तितकी नाही. प्रत्येक गुणांकासमोर तो कुठून घेतला ते नोंदवा: ‘ईपीडी’, ‘पुरवठादाराचं पत्र’, ‘डेटाबेस’, ‘अंदाज’. अहवाल तपासणारा सगळ्यात आधी हाच रकाना पाहतो.

पायरी ६: वाहतूक, वीज, डिझेल

अंतरासाठी वेगळी मेहनत नको. ई-वे बिलावर कुठून, कुठे आणि किती किलोमीटर हे सगळं असतं. परराज्यातून येणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रांतर्गत १ लाखावरच्या मालाला ते लागतं. आरएमसीच्या एका गाडीचा माल लाखाच्या आत असतो, म्हणून तिथे प्लांट ते साइट अंतर एकदा मोजून ठेवा.

एक बारकावा: खडी आणि सिमेंट आरएमसी प्लांटपर्यंत येतं, ती वाहतूक काँक्रीटच्या उत्पादनात, म्हणजे ए१ ते ए३ मध्ये जाते. फक्त मिक्सरची फेरी ए४ मध्ये. दोन्हीकडे धरली तर दुप्पट होते.

वीज मीटरचं मासिक बिल ठेवा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ साठी ग्रिडचा सरासरी गुणांक युनिटमागे ०.७२७ किलो होता. डिझेलचा लिटरमागे सुमारे २.६८ किलो. जनरेटर, जेसीबी, हॉइस्ट यांचं डिझेल एकाच कॅनमधून जातं, त्यामुळे निदान लॉगबुक वेगळी ठेवा. उपठेकेदाराच्या मशीनचं डिझेल त्याचं म्हणून सोडू नका, ते आपल्याच इमारतीवर जळलं.

पायरी ७: राडारोडा

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगरच्या पुनर्विकासात पहिला मोठा कागद पाडकामाचा असतो. जुनी इमारत पाडताना किती गाड्या राडारोडा निघाला, कुठे गेला, भंगार सळई किती किलोने विकली, दारं-खिडक्या कोणी नेल्या, हे सगळं नोंदवा. पाडकाम आणि बांधकामाचे ठेकेदार वेगळे असतात आणि पहिला निघून गेला की कागदही जातात. म्हणून सोसायटीने पाडकामाच्या करारातच अट घालावी.

बांधकाम राडारोड्याचे २०२५ चे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरच्या प्रकल्पांवर ते उत्पादकाची विस्तारित जबाबदारी टाकतात, म्हणजे राडारोडा ज्याचा, त्याचं पुढे काय होतं ते पाहणं त्याच्याकडेच. पर्यावरण मंजुरीची मर्यादाही २०,००० चौरस मीटरच आहे, म्हणजे मोठ्या प्रकल्पांना हे दोन्ही एकदम लागणार. राडारोड्याच्या वजनाच्या पावत्या दोन्हीकडे कामाला येतात.

पायरी ८: हिशोब मांडा

एक कच्चं उदाहरण घेऊ. समजा आठ मजल्यांची, एकूण ४००० चौरस मीटर बांधलेली इमारत. काँक्रीट १६०० घनमीटर, सळई १७० टन.

काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ३८० किलो बाइंडर धरू. सगळं ओपीसी असेल आणि किलोमागे ०.९ किलो गुणांक घेतला, तर ३४२ किलो. खडी-वाळूचे ९ किलो मिळवून ३५१. एकूण सुमारे ५६० टन. आता त्याच बाइंडरमध्ये ४० टक्के स्लॅग घाला. ओपीसी २२८ किलो, त्याचे २०५. स्लॅग १५२ किलो, ०.१ गुणांकाने १५. खडीसह २२९ किलो. एकूण सुमारे ३६६ टन. केवळ मिक्स बदलून जवळजवळ १९५ टनांचा फरक पडला. स्लॅग जवळ, रायगड जिल्ह्यातल्या डोळवीच्या पोलाद कारखान्यातच मिळते.

सळई टनामागे २.५ टनांच्या देशी सरासरीने ४२५ टन, चार तारे असलेल्या १.९ च्या मालाने ३२३ टन. जालन्याहून ३०० किलोमीटर आणली तर टन-किलोमीटरमागे ०.१ किलोने वाहतूक जेमतेम ५ टन. मिक्सर १२ किलोमीटरवरून आले तर तेही ५ टनांच्या आतच. साइटची वीज ४०,००० युनिट म्हणजे २९ टन. डिझेल ६००० लिटर म्हणजे १६ टन.

पहिल्या प्रकारे (सगळं ओपीसी, सरासरी सळई) सगळं मिळून सुमारे १०४० टन, चौरस मीटरमागे २६० किलो. दुसऱ्या प्रकारे (४० टक्के स्लॅग, चार ताऱ्यांची सळई) ७४४ टन, चौरस मीटरमागे १८६ किलो. यात सिमेंटची प्लांटपर्यंतची वाहतूक नाही. कर्नाटकातल्या वाडीसारख्या ४०० किलोमीटरवरच्या ठिकाणाहून ६०० टन सिमेंट आलं तर आणखी २४ टन. विटा, प्लास्टर, खिडक्या, टाइल्सही यात नाहीत.

‘स्थानिक माल घ्या’ हा सल्ला चांगलाच आहे, पण या आकड्यांत वाहतूक किती लहान आहे ते पाहा. मिक्स डिझाइनच्या एका बैठकीत जे वाचतं, ते वर्षभर जवळचा क्रशर शोधून वाचत नाही. मात्र स्लॅग किंवा फ्लाय ॲश वाढवली की सुरुवातीची ताकद हळू येते. ॲल्युमिनियम शटरिंगवर आठवड्याला स्लॅब टाकणाऱ्या साइटवर तो मोठा प्रश्न होतो. हा निर्णय स्ट्रक्चरल कन्सल्टंटचाच, आणि ट्रायल मिक्सच्या क्यूब रिपोर्टशिवाय (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासल्याचा अहवाल) घ्यायचा नाही. पायाच्या राफ्ट आणि फुटिंगला घाई नसते, तिथून सुरुवात करावी.

पायरी ९: ताळमेळ लावा

दर महिन्याच्या शेवटी तीन आकडे शेजारी ठेवा: ड्रॉइंगवरून निघालेलं प्रमाण, चलनांची बेरीज, आणि अकाउंट्सने पास केलेल्या बिलांची बेरीज. काँक्रीटमध्ये ड्रॉइंग आणि चलनात दोन-तीन टक्क्यांचा फरक नेहमीचा आहे. त्याहून जास्त असेल तर कारण शोधा. फुटलेलं शटरिंग, परत गेलेली गाडी, किंवा चक्क चलन दुसऱ्या साइटचं.

सळईत बीबीएसचं (सळई किती लांबीची कापायची आणि कशी वाकवायची त्याच्या यादीचं) सैद्धांतिक वजन आणि काट्याचं वजन जुळत नाही, आणि ते जुळायलाही नको. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो धरतात, पण आयएस १७८६ त्या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालवून घेतं. कार्बनसाठी काट्याचं वजन घ्या. कापून उरलेले तुकडेही त्यात धरलेलेच राहू द्या, कारण ते पोलाद इमारतीसाठीच बनलं होतं. भंगारात विकलेलं वजन वजा करायचं नाही, वेगळं नोंदवायचं.

फाइल कशी लावायची यावर मी फार नियम करत नाही. तारखेनुसार लावलेले फोल्डर, फाइलच्या नावात तारीख, माल आणि गाडी नंबर, आणि एक एक्सेल, ज्यातली प्रत्येक ओळ एका कागदाकडे बोट दाखवते. व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला फोटो म्हणजे फाइलिंग नाही. फोन बदलला की तो गेला.

आमच्या साइटवर आता गेटजवळ एक फळी आहे आणि वर मोबाइलचा स्टँड. वॉचमन पावती फळीवर ठेवतो, फोटो काढतो, मग गाडी आत सोडतो. वीस सेकंद लागतात. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर कुरकुरले, आता गाडीतून उतरतानाच पावती सरळ करून आणतात.

पायरी १०: ताबा देताना

ही फाइल बिल्डरच्या ऑफिसात राहिली तर दोन वर्षांनी कोणालाच सापडणार नाही. भोगवटा प्रमाणपत्र आलं की एक प्रत सोसायटीला द्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने दुरुस्त करायचे असतात. तेव्हा कुठल्या स्लॅबला कुठल्या दिवशी कुठलं काँक्रीट पडलं आणि कुठल्या हीटची सळई लागली, हे याच कागदांवरून कळतं. त्यामुळे ही फाइल मागायला सभासदांनी संकोच करू नये आणि द्यायला बिल्डरने.

प्रतीत एवढं असावं: हद्दीचं पान, गुणांकांचा तक्ता, महिन्यांचे ताळमेळ, सगळे बॅच रिपोर्ट, मिल सर्टिफिकेटं, ईपीडी, आणि बसवलेल्या एसी यंत्रणेतल्या गॅसचा प्रकार व किलो. शेवटची नोंद हमखास राहते. आर-४१०ए चा एक किलो गॅस गळला तर दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका ताप होतो, आणि यंत्र बदलायच्या वेळी कोणालाही आठवत नाही की आत काय भरलं होतं. पेन ड्राइव्हसोबत छापील संचही द्या, साध्या लेझर प्रिंटवर. थर्मल पावत्यांच्या मूळ प्रती जोडायच्या असतील तर त्यांची झेरॉक्स आधी, मूळ मागे.